जुन्या मोटारसायकलचा गिअर नीट पडत नाही? इंजिन खोलण्यापूर्वी हे तपासा

डेअरीवर दुधाचे कॅन पोहोचविणे, बांधावरून वैरणीचा भारा आणणे, तालुक्याहून बी-बियाणे व औषधे आणणे अशा रोजच्या कामांमुळे मोटारसायकल हे आता शेतीचेच एक अवजार झाले आहे. मात्र विहिरीवरील पंपाकडे किंवा ट्रॅक्टरकडे आपण जेवढे लक्ष देतो, तेवढे मोटारसायकलकडे देत नाही. ती बंद पडली म्हणजेच तिची आठवण होते.

आपल्याकडे अजूनही अनेक घरांत जुन्या गाड्या वापरात आहेत. यामाहा आर. एक्स. १०० व जुनी येझदी यांचे उत्पादन १९९६ साली थांबले. १९८५ साली आलेली हिरो होंडा सी. डी. १०० आणि १९९४ साली आलेली स्प्लेंडर या गाड्या तर गावोगाव दिसतात. 'हिरो होंडा' हे कंपनीचे नाव २०११ साली बदलले, तरी त्या नावाच्या गाड्या धावतच आहेत. यांपैकी एखादी गाडी बरेचदा घरातील मुलाबरोबर पुण्याला जाते.

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी खेड्यापाड्यांतून आलेली मुले मोठ्या संख्येने राहतात. गावाकडे बरी चालणारी गाडी तेथे गेल्यावर काही महिन्यांतच त्रास देऊ लागते. सिग्नलला न्यूट्रल लागत नाही, पहिला गिअर टाकताना गाडी झटका देते. मग घरी फोन येतो की, मिस्त्री 'फुल इंजिन' करायला सांगतो आहे. फुल इंजिन म्हणजे इंजिन गाडीवरून उतरवून त्याचे दोन भाग करणे. त्याची मजुरी व सुटे भाग यांचा खर्च मुलाच्या खानावळीच्या पैशांवर येतो. असा खर्च करण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गिअर नीट न पडण्याचे कारण प्रत्येक वेळी गिअरमध्ये नसते. पुष्कळ वेळा ते क्लच, क्लचची वायर, ऑइल, गिअरचा दांडा किंवा चेन यांत असते आणि हे सर्व इंजिनाचे दोन भाग न करता तपासता येते.

गिअर कसा पडतो?

दोष शोधण्यापूर्वी रचना थोडक्यात समजून घेऊ. गिअर बॉक्समध्ये दोन शाफ्ट असतात व त्यांवर गिअरच्या जोड्या बसविलेल्या असतात. या जोड्यांचे दाते एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. गिअर टाकणे म्हणजे एक गिअर शाफ्टवरून बाजूला सरकवून त्याच्या अंगावरील जाड खुंट्या शेजारच्या गिअरच्या खाचांत बसविणे होय. गिअर सरकविण्याचे काम दुबेळक्याच्या आकाराचे फोर्क करतात. फोर्कना हलविणारा नळीसारखा ड्रम असतो आणि आपण पायाने दांडा दाबला की हा ड्रम एकेक टप्पा फिरतो. प्रत्येक टप्प्यावर ड्रम स्थिर राहावा म्हणून स्प्रिंगने दाबलेली एक छोटी रोलर त्याच्या खाचेत बसते.

खुंट्या खाचेत बसताना व बाहेर येताना त्यांच्यावर इंजिनाचा जोर नसावा लागतो. तो जोर तेवढ्यापुरता तोडणे हे क्लचचे काम. बैल ओढत असताना जुवाची शिवळ निघत नाही, बैल थोडा मागे घेतला की ती सहज निघते. तसेच हे आहे. क्लच पूर्ण सुटला नाही तर चांगला गिअरही अडतो.

मोटारसायकलच्या क्लचच्या प्लेटा बहुतेक गाड्यांत ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. म्हणून ऑइल बिघडले की क्लच बिघडतो आणि तक्रार मात्र गिअरची येते.

तक्रार नेमकी कोणती?

'गिअरचा प्रॉब्लेम आहे' एवढेच मिस्त्रीला सांगू नये. पुढीलपैकी कोणती तक्रार आहे ते ठरवावे.

१) इंजिन चालू असताना गिअर जड पडतो, पहिला गिअर टाकताना 'खट्' असा आवाज होऊन गाडी पुढे झेपावते, उभ्या गाडीत न्यूट्रल लागत नाही. अशा वेळी क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे.

२) रेस वाढते, इंजिन ओरडते, परंतु गाडी त्या प्रमाणात पळत नाही. चढावर व ओझे असताना हे अधिक जाणवते. हा क्लच घसरत असल्याचा दोष आहे. यात गिअरचा संबंध नसतो.

३) पडलेला गिअर चालताना आपोआप सुटतो व गाडी न्यूट्रलमध्ये जाते. हा दोष गिअर बॉक्सच्या आतील असण्याचा संभव जास्त असतो, तरी आधी दांडा तपासावा.

४) दांडा दाबल्यावर परत जागेवर येत नाही, लोंबतो, किंवा दांडा हलतो पण गिअर बदलत नाही. हा दोष दांड्याच्या दात्यांचा किंवा परतीच्या स्प्रिंगचा असतो.

तीन सोप्या चाचण्या

या चाचण्या सपाट जागी कराव्यात. चालू गाडीच्या चाकाजवळ व चेनजवळ लहान मुले, धोतर, साडीचा पदर किंवा उपरणे येऊ देऊ नये. फिरते चाक हाताने किंवा पायाने कधीही थांबवू नये.

पहिली चाचणी, इंजिन बंद ठेवून : गाडी मेन स्टँडवर घ्यावी. एका हाताने मागचे चाक सावकाश फिरवत दुसऱ्या हाताने दांडा दाबून सर्व गिअर क्रमाने टाकावेत व परत आणावेत. चाक न फिरविता गिअर पडला नाही तर तो दोष समजू नये. खुंट्या समोरासमोर आल्या की असे होते. चाक फिरवताना सर्व गिअर व्यवस्थित पडत असतील, तर गिअर, फोर्क व ड्रम बहुधा चांगले आहेत. मग इंजिन चालू असतानाची तक्रार क्लच किंवा ऑइलमुळे येत आहे असे मानून पुढे जावे. एखादा गिअर याही वेळी पडत नसेल तर दोष दांड्याकडे किंवा आत आहे.

दुसरी चाचणी, क्लच सुटतो का : इंजिन चालू करून गरम होऊ द्यावे. मेन स्टँडवरच क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा. ऑइलच्या ओढीमुळे चाक थोडे फिरेल. आता मागचा ब्रेक हलकेच दाबावा. चाक थांबले व इंजिन पूर्वीसारखेच चालत राहिले तर क्लच सुटतो आहे. इंजिन दबले किंवा बंद पडले तर क्लच सुटत नाही.

तिसरी चाचणी, क्लच धरतो का : गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक घट्ट धरावा. वरचा गिअर टाकून थोडी रेस देत क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच धरतो आहे. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन चालूच राहिले तर प्लेटा घसरत आहेत. ही चाचणी एकदा किंवा फार तर दोनदा करावी, कारण ती वारंवार केल्यास प्लेटा जळतात.

बाहेरून तपासणी : याच क्रमाने करावी

गिअरचा दांडा : दांड्याचा बोल्ट पान्याने घट्ट आहे का पाहावे. बोल्ट सैल राहिल्यास दांड्याचे आतील बारीक दाते झिजतात व दांडा शाफ्टवर नुसताच फिरतो. गाडी पडली असल्यास दांडा वाकून फूटरेस्टला किंवा इंजिनाला टेकतो. मग तो पुरता दाबला जात नाही, गिअर अर्धवट बसतो व नंतर सुटतो. शेतात वापरल्या जाणाऱ्या गाडीत दांड्याच्या मागे चिखल वाळून दगडासारखा होतो, उसाचे पाचटही गुंडाळले जाते. ते काढून पुन्हा पाहावे.

क्लचची वायर : हँडलवरील क्लचच्या दांडीच्या टोकाला साधारण १० ते २० मि.मी. मोकळीक असावी. मोकळीक याहून जास्त असेल तर क्लच पुरता सुटत नाही व गिअर जड पडतो. मोकळीक मुळीच नसेल तर क्लच पुरता धरत नाही व प्लेटा घसरतात. थोडा फरक हँडलजवळील स्क्रूने व जास्त फरक इंजिनाजवळील नटाने काढावा. वायरचे एक-दोन धागे तुटलेले दिसल्यास ती लगेच बदलावी. वायर जड चालत असेल तर तिचे वरचे टोक सोडवून, कागदाचे नरसाळे बांधून थोडे ऑइल सोडावे व रात्रभर तसेच ठेवावे. आतून गंजलेली वायर मात्र ऑइलने सुधारत नाही.

ऑइल : सी. डी. १०० किंवा स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच व गिअर यांना एकच ऑइल असते. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, थोडे थांबावे, गाडी मेन स्टँडवर सरळ ठेवून ऑइलची काडी पुसून, आटे न पिळता आत सोडावी व पातळी पाहावी. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी गेले आहे. ओढ्यातून गाडी काढल्यावर किंवा जोराच्या पाण्याने धुतल्यावर असे घडते. असे ऑइल ताबडतोब काढावे, नवीन भरून थोडे अंतर चालवावे व दुधाळपणा राहिल्यास पुन्हा बदलावे.

मोटारीचे किंवा ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल मोटारसायकलमध्ये घालू नये. काही मोटारींच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात व त्यामुळे ऑइलमध्ये चालणारा क्लच घसरतो. डब्यावर 'फोर-टी' तसेच 'जॅसो एम.ए.' किंवा 'एम.ए.-२' अशी खूण असलेले, गाडीच्या पुस्तिकेतील जाडीचे ऑइल घ्यावे.

राजदूत, येझदी, आर. एक्स. १०० या टू-स्ट्रोक गाड्यांबाबत एक चूक नेहमी होते. इंजिनासाठीचे टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते. गिअर बॉक्सचे ऑइल त्याहून वेगळे असते व ते वेगळे भरावे लागते. पेट्रोलमधील ऑइल सांभाळले म्हणजे गिअरचेही झाले, असा समज असल्यामुळे अनेक गाड्यांच्या गिअर बॉक्समध्ये वर्षानुवर्षे ऑइल बदललेले नसते.

ऑइल काढताना काय पाहावे : जुने ऑइल स्वच्छ, पसरट भांड्यात घ्यावे. खराब झालेल्या स्पीकरचा लोहचुंबक त्यात फिरवावा. चुंबकाला मऊ करडा लेप चिकटला तर ती नेहमीची झीज आहे. टोचणारे कण, चकत्या किंवा दात्याचा तुकडा मिळाला तर गाडी चालविणे थांबवावे. काढलेले ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गटारात टाकू नये.

चेन : बहुतेक १०० सी.सी. गाड्यांत चेनची खालवर हालचाल सुमारे २० ते ३० मि.मी. ठेवतात. नेमका आकडा आपल्या पुस्तिकेत पाहावा. सैल चेनमुळे गिअर बदलताना झटका बसतो. चेन व स्प्रॉकेट फार झिजले असल्यास जोर दिल्यावर चेन दात्यावरून उडी मारते आणि गिअर सुटल्याचा भास होतो. मागील स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला चेन बोटाने ओढून पाहावी. अर्धा दाता उघडा पडत असेल तर दोन्ही स्प्रॉकेट व चेन असा पूर्ण सेट बदलावा.

इंजिनाची मंद चाल : उभ्या गाडीचे इंजिन जास्त वेगाने चालत असेल तर पहिला गिअर आवाज करतो. कार्बोरेटरच्या स्क्रूने ही चाल कमी करून पुन्हा पाहावे.

यानंतरही दोष राहिल्यास

बाहेरचे सर्व ठीक असूनही दुसरी किंवा तिसरी चाचणी अयशस्वी झाली तर क्लच उघडावा. त्यासाठी इंजिनाचे दोन भाग करावे लागत नाहीत, फक्त क्लचच्या बाजूचे झाकण काढावे लागते. प्लेटा झिजल्या किंवा काळ्या पडल्या आहेत का, लोखंडी प्लेटा वाकल्या आहेत का, स्प्रिंग आखूड झाल्या आहेत का हे पाहावे. प्लेटा ज्या पेटीत बसतात तिच्या कडांना खाचा पडल्या असतील तर नवीन प्लेटाही त्या खाचांत अडकतात व क्लच सुटत नाही. स्प्रिंग बदलायच्या झाल्यास सर्व एकदम बदलाव्यात. नवीन घर्षणाच्या प्लेटा बसविण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवून ठेवाव्यात. गाडी पावसाळाभर उभी राहिल्यास प्लेटा एकमेकींना चिकटतात. त्या बरेचदा झिजलेल्या नसतात, फक्त सुट्या करून साफ कराव्या लागतात.

दांडा परत न येणे किंवा गिअर टप्प्यावर न थांबणे ही तक्रार असल्यास परतीची स्प्रिंग व ड्रमची रोलर पाहावी. अनेक गाड्यांत हे भाग बाजूच्या झाकणाखालीच असतात. ते पाहिल्याशिवाय फुल इंजिनास होकार देऊ नये.

पहिल्या चाचणीत गिअर पडत नसेल, किंवा दांडा, रोलर व चेन चांगली असूनही एकच ठराविक गिअर ओझ्याखाली सुटत असेल, किंवा ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे मिळाले असतील, तर मात्र इंजिन खोलणे टाळू नये. खुंट्यांच्या कडा गोल झाल्या किंवा फोर्क वाकला असेल तर वरून कोणताही उपाय चालत नाही. अशा वेळी गिअर जोडीने बदलावेत व फोर्कही तपासावा. गिअर सुटणारी गाडी घाटात वापरू नये. उतारावर गिअर सुटला तर इंजिनाचा अटकाव जातो व सर्व भार ब्रेकवर येतो. पायाने दांडा दाबून धरून गाडी चालविणे हा उपाय नाही. त्याने फोर्क अधिक झिजतो.

काही गाड्यांची वेगळी रचना

जुन्या येझदीत किक व गिअरचा दांडा एकच असतो आणि गिअर टाकताना तो दांडा आतून क्लचही सोडतो. म्हणून तिच्या क्लचची जुळणी चुकली की गिअरची तक्रार लगेच येते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाकडे असून गिअर बॉक्स इंजिनापासून वेगळा असतो. त्याचे ऑइलही वेगळे पाहावे लागते. एम-८० व चेतक यांचा गिअर हातात असतो व तो दोन वायरींनी चालतो. हँडलवर एक गिअर दाखवत असेल व गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये असेल, तर आधी या दोन वायरींचा ताण जुळवावा.

शहरातील व शेतातील वापर

अलका चौकापासून स्वारगेटपर्यंतच्या टिळक रस्त्यावर किंवा सदाशिव पेठेच्या आतील अरुंद गल्ल्यांत गाडी सारखी थांबते व निघते. तेथे अर्धा क्लच दाबून गाडी रेटण्याची सवय लागते. त्यामुळे प्लेटा तापतात व वायर लवकर झिजते. सिग्नलला गाडी पूर्ण थांबण्यापूर्वीच, चाक हळू फिरत असताना न्यूट्रलमध्ये आणावी. नंतर ते सहज लागत नाही. शेतातील गाडीवर ओझे, धूळ व चिखल यांचा मारा असतो. तेथे चढ सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. अर्ध्या चढावर क्लच घसरवत गाडी ओढू नये. गाव सोडून पुण्याला जाणाऱ्या गाडीची वायर, ऑइल व चेन निघण्यापूर्वीच पाहून द्यावी.

मिस्त्रीकडे जाताना

१) कोणती तक्रार, कोणत्या गिअरमध्ये, थंड असताना की गरम झाल्यावर, हे कागदावर लिहून न्यावे.
२) आपण केलेल्या तीन चाचण्यांचे निष्कर्ष सांगावेत.
३) काम पायरीपायरीने करण्यास सांगावे. आधी वायर व ऑइल, मग क्लचचे झाकण आणि शेवटी इंजिन.
४) बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत व झीज प्रत्यक्ष पाहावी.
५) जुन्या गाडीचा भाग गावात मिळत नसल्यास पुण्यात सदाशिव पेठेपासून जवळच असलेल्या नाना पेठेत सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. जाताना जुना भाग नमुन्यासाठी बरोबर न्यावा.
६) जुन्या गाड्यांचा किलोमीटरचा काटा बरेचदा बंद असतो. म्हणून ऑइल, वायर, प्लेटा व चेन बदलल्याची तारीख एका वहीत लिहून ठेवावी. गाडी मुलाकडे असेल तर ही वही गाडीबरोबरच द्यावी.

बाहेरची तपासणी व तीन चाचण्या घरच्या घरी, एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर व थोडे ऑइल एवढ्यावर होतात. पुढच्या वेळी सदाशिव पेठेतून 'गिअर पडत नाही' असा फोन आला, तर मुलाला पहिला प्रश्न हा विचारावा : "गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, चाक फिरवत गिअर टाकून पाहिलास का?" त्याचे उत्तर मिळेपर्यंत इंजिन खोलण्यास परवानगी देऊ नये.